घरचा माणूस जेलात गेला तर वावर विकायच्या आधी हे वाचा

गावात पोलिसांची गाडी आली आणि कोणाच्या पोट्ट्याला घेऊन गेली की घंट्याभरात त्या घरासमोर माणसं जमतात, अन् त्यात एक तरी असा निघतेच जो बापाला बाजूला घेऊन म्हणते "काकाजी, टेन्शन नोका घेऊ, साहेब आपल्या ओळखीचे हायेत, तुमी फक्त पैशाची सोय करून ठेवा." तिथून जे सुरू होते ते महिनेच्या महिने थांबत नाही. ठाण्याबाहेर एक जण, कोर्टाच्या आवारात दुसरा, जेलाच्या गेटवर अजून कोणी, आणि या सगळ्यांना द्यायला पैसे पाह्यजे म्हणून गावातला सावकार. मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत पीएलव्ही आहे, म्हणजे विधी स्वयंसेवक, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत फिरतो. पोट्टा सुटायच्या आधीच वावर गेलेली घरं पाहिली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो पैसा द्यायची काहीच गरज नव्हती, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हा धंदा दिवसांवर चालते. माणूस जितके दिवस आत राहीन तितकी बाहेरच्यांची कमाई. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशभरच्या जेलांत ५,७३,२२० लोक होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची, आणि आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२ जण अंडरट्रायल, म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. यातले किती तरी लोक फक्त कागद नाही, जामीनदार नाही, वकील कोण हे माहीत नाही एवढ्यासाठी बसून राहतात. म्हणून खाली जे जे सांगतो आहे त्याचा हेतू एकच, आतले दिवस कमी करायचे आणि घरचा पैसा वाचवायचा.

पहिला दिवस, ठाण्यात

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार केसमध्ये २०१४ लाच सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ही नोटीस कलम ३५(३) ची असते. आपल्याकडं होते काय, नोटीस आली की घरचे घाबरतात आणि पोट्ट्याला मावशीच्या गावी नाहीतर पुण्याला कंपनीत पाठवून देतात, आणि मग तो फरार दिसला की अटकेला कारण आयतंच मिळते. नोटीस आली तर त्या तारखेला जायचं, हजर झाल्याची नोंद मागायची, नोटिशीचा फोटो काढून ठेवायचा.

अटक झालीच तर रडारड बाजूला ठेवून एका वहीत लिहा: गुन्हा नंबर, ठाणं, कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव, अटकेची तारीख आणि वेळ. वेळ लिहायची कारण २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे (प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत). अटकेचा मेमो बनवताना घरच्याची नाहीतर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, तर सही करायच्या आधी त्यावरची वेळ वाचा, खरी नसेल तर सांगा. अटक कायच्यासाठी केली ते लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागते, आणि ते कोर्टात रिमांडला, म्हणजे कस्टडी मागायसाठी, उभं करायच्या निदान दोन तास आधी मिळालं पाह्यजे. आपले अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होते तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या बेंचनंच हे सांगितलं, कोणताही गुन्हा असो. मिळालं नसेल तर वकिलाला पहिल्यांदा तेच सांगा.

गुन्हा जामीनपात्र आहे का ते लगेच विचारा. जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच होते, त्याला "साहेबांशी बोलणारा" माणूस लागत नाही. आणि जामीनदार द्यायची ऐपत नसेल, तर अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही एवढ्यावरूनच त्याला गरीब समजून स्वतःच्या बाँडवर, म्हणजे तारखेला येईन असं त्यानंच लिहून देऊन, सोडायचं असं याच संहितेचं कलम ४७८ म्हणते. एफआयआरची कॉपी महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा दिसते, नाजूक गुन्हे सोडून. तेवढी प्रिंट काढायसाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर त्याला उठवून लावा.

आणि १५१०० हा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, विधी सेवेची हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

वकील

जेलात किंवा पोलीस कस्टडीत असलेल्या कोणत्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जात लागत नाही, कस्टडीत असणं एवढंच पुरेसं आहे. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, लेकरं, अपंग यांनाही उत्पन्न न पाहता मिळते. जिल्हा कोर्टात यासाठी आता लोक अभिरक्षक कार्यालय असते, तिथले वकील पगारावर असतात आणि त्यांचं कामच आरोपीच्या बाजूनं लढायचं. त्यांनी किंवा विधी सेवेनं नेमून दिलेल्या दुसऱ्या कोणत्याही वकिलानं तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, झेरॉक्सच्या नावानं सुद्धा नाही. मागितलेच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडं लेखी द्या, सचिव न्यायाधीश असतात.

लोक म्हणतात "फुकटचा वकील काय लढणार". मला या बोलण्याचा खरंच राग येते, कारण याच एका वाक्यावर अर्धा धंदा उभा आहे. सरकारी वकील वेगळा, तो पोलिसांच्या बाजूचा असते, आणि हा विधी सेवेचा वकील वेगळा, हा तुमचा. खाजगी वकील करायचा तर जरूर करा, चांगले वकील आपल्या तालुक्यातही आहेत, पण फी आधी ठरवा, पावती घ्या, आणि वकील कोर्टाच्या गेटवर भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून करू नका, कारण त्याचं कमिशन तुमच्याच फीतून जाते.

कोर्टात पहिल्या दिवशी पीसीआर मिळते किंवा एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलिसांकडं, एमसीआर म्हणजे जेलात. एमसीआर झाला की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकायला सांगा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. केसचा सीएनआर नंबर मागून घ्या, १६ अक्षरा-आकड्यांचा असते, तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि काय ऑर्डर झाली ते घरबसल्या दिसते. तारीख सांगायसाठी दर वेळेस दोनशे-पाचशे घेणाऱ्याची गरज तिथंच संपते. घरात कोणाला जमत नसेल तर बारावीतल्या पोट्टीला सांगा, ती पाच मिनिटात करून देते.

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला तर सेशन कोर्ट आहे, तिथं नाही झालं तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे, आणि तिथंही विधी सेवा उपसमिती आहे, वकील तिथूनही फुकट मिळते. नागपूरला लाख रुपये लागतात असं समजून लोक तिथं जातच नाहीत.

जामीन झाला पण माणूस आतच

सगळ्यात जास्त पैसा इथंच जाते, म्हणून इथं जरा थांबून वाचा.

कोर्ट म्हणते पंधरा हजाराचा जात-मुचलका (आरोपीचा स्वतःचा बाँड) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. घरच्यांना वाटते पंधरा हजार भरायचे आहेत. तसं नाही. जामीनदार म्हणजे एक माणूस लिहून देते की हा तारखेला आला नाही तर एवढे पैसे मी भरीन. त्या दिवशी रोख काहीच द्यायचं नसते. पण हे माहीत नसलं की आवारातला माणूस म्हणते "जामीनदार मी देतो, एवढे द्या", आणि कोणाचा तरी सातबारा, कोणाचं तरी रेशनकार्ड घेऊन भाड्याचा जामीनदार उभा करते. असा जामीनदार दहा केसांत उभा असते. कायद्यात (कलम ४८६) जामीनदाराला आपण अजून किती जणांचे जामीन आहोत ते लिहून द्यावं लागते, आणि कागद खोटा निघाला तर जामीन तर जातेच वरून नवीन केस लागू शकते, ती तुमच्या पोट्ट्यावर, आवारातला माणूस तोपर्यंत गायब.

अमेरिकेत हाच धंदा उघड परवाना घेऊन चालते. तिथं जामिनाची रक्कम भरायची ऐपत नसली की बेल बाँड कंपनीकडं जायचं, ती साधारण दहा टक्के घेते, आणि ते दहा टक्के माणूस निर्दोष सुटला तरी परत मिळत नाहीत. असा परवानाधारक जामीनधंदा जगात जवळपास फक्त अमेरिका आणि फिलिपिन्समध्येच आहे. तिथं जेलच चालवणाऱ्या कंपन्याही आहेत, १९८३ ला टेनेसी राज्यात पहिली मोठी निघाली, आता तिचं नाव कोअरसिव्हिक, शेअर बाजारात आहे. पण खाजगी जेलात तिथले शंभरातले आठच्या आसपास कैदी, बाकी कमाई सरकारी जेलांतूनच होते, घरी करायचा फोन, आतलं दुकान, जामीन, असं सगळं घरच्यांच्या खिशातून. लोकांनी आवाज उठवला तेव्हा कनेक्टिकट राज्यानं २०२१ ला कायदा करून जेलातले फोन फुकट केले, आणि इलिनॉयनं सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच बंद केला. आपल्याकडं जेल सरकारच चालवते, कंपनीची पाटी कुठं नाही, पण पैसा निघते तो तिथल्यासारखाच गरीबाच्या घरातून, फक्त इथं पावती मिळत नाही.

आता करायचं काय ते.

जामीनदार घरचा, नात्यातला, गावातला शोधा. मामा चालते, शेजारी चालते, सालदार ज्याच्याकडं आहे तो मालक चालते. लागतात आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि ऐपत दाखवायला सातबारा, आठ-अ, किंवा घरटॅक्सची पावती. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत निघते. कोर्टानं सॉल्व्हन्सी मागितली तर ऐपतीचा दाखला तहसीलमधून काढावा लागते, सेतूत अर्ज द्यायचा, आणि याला वेळ लागते म्हणून अटक झाली त्याच आठवड्यात कागद गोळा करायला लागा, जामिनाच्या ऑर्डरची वाट पाहू नका.

दाखला यायला वेळ आहे आणि थोडे पैसे जमू शकतात, तर वकिलाला सांगा तात्पुरती कॅश बेल मागा, म्हणजे रक्कम कोर्टात भरून माणूस आज बाहेर येते आणि जामीनदाराचे कागद नंतर चार-सहा आठवड्यांत देता येतात. हे पैसे कोर्टात जमा असतात, अटी पाळल्या तर परत मिळतात, म्हणून पावती जीवापाड जपा. घरात रोख नसेल, तर सावकाराकडून पाच टक्के महिन्यानं काढून भरायच्या आधी रक्कम कमी करायचा अर्ज टाका. बाँडची रक्कम जास्त नसावी असं कलम ४८४ मध्येच लिहिलं आहे आणि सेशन कोर्ट, हायकोर्ट ती कमी करू शकते.

जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून चालणार नाही असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये १९७८ ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे निकालात काढलं, त्याच्या भावाचा जामीन फक्त भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला होता आणि वर दहा हजाराची रक्कम ठेवली होती. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं परत सांगितलं की स्थानिक जामीनदाराच्या अटीवर माणूस अडकून पडते, कोर्टांनी ती अट लादू नये. आंध्रातून नाहीतर छत्तीसगडमधून आलेल्या मजुरांच्या बायकांना हे जरूर सांगा, त्यांना इथं कोणीच ओळखत नाही आणि त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त उकळतात.

त्याच ऑर्डरमध्ये अजून काही कामाच्या गोष्टी आहेत. जामिनाची ऑर्डर कोर्टानं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलनं जेल अधीक्षकाला पाठवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकानं विधी सेवेच्या सचिवाला कळवायचं आणि आमच्यासारखा पीएलव्ही नाहीतर वकील जेलात जाऊन अडचण काय ते पाहीन. महिना झाला तरी जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकते. हे आपोआप होईल अशी आशा धरून बसू नका, आठव्या दिवशी तुम्ही स्वतः सचिवाच्या ऑफिसात जाऊन साध्या कागदावर अर्ज द्या, "माझा मुलगा अमुक जेलात आहे, अमुक तारखेला जामीन झाला, जामीनदार नाही म्हणून सुटला नाही", एवढं लिहिलं तरी चालते, आणि आवकचा शिक्का मारून कॉपी घ्या.

आणि पैसाच नसेल तर केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, २०२३ पासून. योजना निघाली तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५,००० पर्यंत सरकार भरत होतं, आताचा आकडा विधी सेवेत विचारा, पैसे तुमच्या हातात येत नाहीत, थेट कोर्टात जातात. जिल्ह्यात कलेक्टरची समिती आहे, रस्ता विधी सेवेतूनच जाते. एनडीपीएस (गांजा-ड्रग्ज), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँड्रिंग, लाचलुचपत अशा केसांना लागू नाही. आपल्याकडं ही योजना किती जणांना माहीत आहे? सरपंचाला विचारून पाहा. मी ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी नावच ऐकलं नव्हतं.

दिवस मोजा

पहिल्या रिमांडच्या तारखेला कॅलेंडरवर गोल करा आणि तो दिवस धरून मोजा. चार्जशीट ६० दिवसांत आली नाही, किंवा फाशी, जन्मठेप, दहा वर्षं अन् त्याच्यावरच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आली नाही, तर माणसाला जामीन मिळालाच पाह्यजे, मग केस कशीही असो. यूएपीए, मकोका (टोळीच्या गुन्ह्यांचा कायदा) अशा कायद्यांत ही मुदत वाढू शकते. पण अर्ज चार्जशीट यायच्या आधी पडला पाह्यजे, एक दिवस चुकला आणि चार्जशीट आली की हा हक्क गेला. म्हणून साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी वकिलाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडलं की अर्ज.

दुसरं मोजमाप कलम ४७९ चं. गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या अर्धा काळ आत काढला की जामीन, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळातच बाँडवर सुटका. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच असणाऱ्याला एक वर्ष झालं की. जुन्या केसांनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं २३ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं, आणि अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकावर टाकली आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि एकापेक्षा जास्त केस चालू असतील तरी अडते.

इथंच आपल्या भागातले बरेच जण अडकतात. वर्धा, गडचिरोलीला दारूबंदी आहे, चंद्रपूरला २०१५ ते २०२१ होती, एकेका माणसावर चार-पाच केस, आणि प्रत्येक केसला वेगळा जामीनदार आणायचा कुठून? २०२४ च्या ऑगस्टमध्ये गिरीश गांधी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेरा केसांसाठी तेच जामीनदार चालतील असं केलं. तो निकाल वकिलाला दाखवा आणि एकच जामीनदार सगळ्या केसांत घ्यावा असा अर्ज करा.

फासेपारधी बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, लोकांसाठी वेगळं सांगतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला रद्द झाला, तरी कुठं चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावरच येते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेलातली जातीवरची कामं आणि जातीचे रकाने बंद करायला सांगितलं, आणि विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मोकळ्या झालेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका हेही पोलिसांना सांगितलं. फक्त समाजावरून उचललं असेल तर तेच शब्द जामिनाच्या अर्जात लिहायला लावा. आत जात पाहून झाडू-संडासाचं काम दिलं तर विधी सेवेला कळवा. आणि अंडरट्रायलला कोणतंच काम जबरदस्तीनं देता येत नाही.

आत असताना

भेटीसाठी ई-मुलाकातवर नंबर लावता येते, व्हिडिओवरही भेट होते, म्हणजे नागपूर-अमरावतीच्या सेंट्रल जेलला जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी वाचते. पैसे पाठवायचे तर मनीऑर्डर करा, कैद्याच्या खात्यावर जमा होते, कँटीनमधून तेल-साबण त्याला घेता येते. "आत ओळख आहे, मी पोचवतो" म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपया देऊ नका. आणि आतून फोन आला की "मारून रायले, लवकर पैसे पाठव", तर ज्या खात्यावर मागून रायले तिथं पाठवायच्या आधी विधी सेवेला आणि वकिलाला सांगा, खरंच मारत असतील तर कोर्टापर्यंत गेल्याशिवाय ते थांबत नाही आणि पैसे दिले तर परत मागतात. आजारी असेल, बीपी-शुगर-सिकलसेल असेल तर जुने दवाखान्याचे कागद जेल अधीक्षकाला लेखी अर्जासोबत द्या, सिकलसेल आपल्याकडं खूप आहे आणि आत कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

शिक्षा झाली आणि आत काम करत असेल तर मजुरी मिळाली पाह्यजे, सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा निकाल आहे, हिशोब मागायचा.

सुटून आल्यावर

तारीख चुकवू नका. कापूस वेचणी असो की लग्न, तारीख म्हणजे तारीख, नाही तर वॉरंट निघते, जामीनदार गोत्यात येते, आणि पुढच्या वेळेस गावात कोणी जामीन राहत नाही. खरंच जमत नसेल तर आधी वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज.

केस संपली, निर्दोष असो की शिक्षा भोगून, की निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा. कॅश भरली होती ती परत मिळायचा अर्ज टाका, पावती आणि बँक पासबुकची झेरॉक्स जोडून. जामीनदाराला मोकळं केल्याची ऑर्डर घ्या, त्याचे मूळ कागद कोर्टात असतील तर ते परत मागा, आणि रेशनकार्डावर जामिनाचा शिक्का मारला असेल तर जामीन संपल्याची नोंदही त्यावर करून घ्या. पोलिसांनी जप्त केलेला मोबाइल, गाडी यांच्यासाठीही वेगळा अर्ज लागते, तो केस चालू असतानाही करता येते, ठाण्यात पडून गाडी गंजून जाईपर्यंत थांबायची गरज नाही.